फेस कुठून आला?

दादाने पेला नाकाजवळ नेला आणि तिथेच थांबला.

"यात काही आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे. आलं, साखर, लिंबू. बस्स." मला खरंच तसं वाटत होतं.

त्याने पेला खाली ठेवला. "वास ओळखीचा आहे," एवढंच म्हणाला आणि पाणी मागून घेतलं.

दादाला दारू सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती. ती चार वर्षं कशी गेली हे मी जवळून पाहिलं आहे. आणि ते पेय मी त्याच्यासाठीच केलं होतं. सगळे काही ना काही हातात घेऊन बसलेले असताना त्याच्याही हातात काहीतरी चवीचं, फसफसणारं असावं, इतकाच हेतू होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी "नाही" म्हटलं ते कशाच्या जोरावर? बाटलीत मी दारू ओतली नव्हती, एवढ्याच.

पुढचे सात-आठ महिने मी या एका प्रश्नामागे होते. त्यातून जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण घरी आंबवलेली पेयं करणारे खूपजण आहेत आणि "हे काय, साधं घरचं आहे" असं म्हणत ती लहान मुलांच्या आणि दारू सोडलेल्या माणसांच्या हातात दिली जातात. मीही दिली होती.

आधी ते पेय कसं केलं होतं ते सांगते. आलं सालासकट किसायचं, कारण सालावरच रानटी यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी, आणि जिवाणू बसलेले असतात. एका बरणीत दोन मोठे चमचे आलं, तेवढीच साखर आणि दोन कप पाणी. वर फडकं बांधायचं. रोज एकेक चमचा आलं आणि साखर घालून ढवळायचं. चौथ्या दिवशी कडेला बारीक बुडबुड्यांची माळ दिसली आणि सहाव्या दिवशी कान लावला तर बरणीतून सळसळ ऐकू येत होती. हे झालं विरजण. मग दोन लिटर पाण्यात आलं उकळून, दोनशे ग्रॅम साखर विरघळवून, पूर्ण गार करून लिंबू पिळलं आणि कपभर विरजण गाळून घातलं. गार करणं महत्त्वाचं, गरम काढ्यात यीस्ट मरतं. दोन दिवस ते रुंद तोंडाच्या बरणीत फडक्याखाली ठेवलं, मग प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून घट्ट बूच लावलं. दीड दिवसात बाटल्या दगडासारख्या कडक झाल्या. प्लास्टिकची बाटली दाबून आतला जोर कळतो. काचेच्या बाटलीत तो कळत नाही आणि अंदाज चुकला तर बाटली फुटते. माझी एक फुटली होती. सुदैवाने बंद कपाटात. काचेचा एक तुकडा कपाटाच्या लाकडात नखभर रुतलेला मी स्वतः उपसून काढला. तेव्हापासून फसफसणारं काहीही मी साध्या काचेच्या बाटलीत भरत नाही.

दादा पेला ठेवून गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हायड्रोमीटर मागवला. द्रव किती दाट आहे ते सांगणारी, खाली वजन आणि वर मापाची पट्टी असलेली, द्रवात तरंगणारी काचेची नळी. साध्या पाण्यात तिचं रीडिंग १.००० येतं. साखर विरघळली की द्रव दाट होतो आणि नळी वर उचलली जाते. यीस्टने साखर खाल्ली की द्रव पातळ होतो, आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्यामुळे आणखीच पातळ होतो, म्हणून नळी खाली बुडते. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करायचा आणि १३१.२५ ने गुणायचं. जे येईल ते साधारण आकारमानाच्या टक्क्यांत अल्कोहोल.

तीच कृती पुन्हा केली, या वेळी मोजून. विरजण घातल्या दिवशी रीडिंग १.०४०. बाटली उघडली त्या दिवशी आधी फेस घालवावा लागला, कारण बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात. दोन पेल्यांत वीस-पंचवीस वेळा ओतून ओतून पेय अगदी निपचित झालं तेव्हा नळी सोडली. ती डुलली, थोडी गोल फिरली आणि १.०२७ वर थांबली. मी खाली वाकून, डोळा द्रवाच्या पातळीत आणून तीन वेळा वाचलं. १.०२७.

गुणाकार केला तर १.७ टक्के.

आल्यातले जिवाणूही थोडी साखर खाऊन आम्ल करतात, त्यामुळे हा आकडा काटेकोर नाही. पण दिशा स्पष्ट होती. साधी बिअर चार-पाच टक्क्यांची असते. तीनशे मिलिलिटरच्या पेल्यात मी दादाला सुमारे पाच मिली, म्हणजे चहाचा एक चमचा भरून शुद्ध अल्कोहोल देऊ केलं होतं. त्याच्या नाकाने जे ओळखलं ते बरोबर होतं.

मग मी जरा मुळाशी गेले. साखरेचं अल्कोहोल होताना नेमकं काय घडतं हे फार आधी तराजूने तोललं गेलं आहे. १७८९ मध्ये लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आंबवण्यापूर्वीचं आणि नंतरचं वजन मांडून दाखवलं की साखर दोन गोष्टींत फुटते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हे काम जिवंत यीस्ट करतं हे १८५७ पासून लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने ठामपणे मांडलं. आणि १८९७ मध्ये बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवलं, म्हणजे खरी करामत पेशीतल्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची. पण मला हलवून गेला तो साधा हिशेब. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू तयार होतो. जवळजवळ निम्मं-निम्मं. ही दोन जुळी भावंडं आहेत, एकाच क्षणी जन्मणारी.

याचा अर्थ असा की यीस्टने आणलेला प्रत्येक बुडबुडा आपल्याबरोबर स्वतःच्या वजनाएवढं अल्कोहोल आणतो. चांगल्या फसफसणाऱ्या पेयात लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास वायू विरघळलेला असतो. तो सगळा यीस्टने केलेला असेल तर सहा ग्रॅम अल्कोहोलही त्यात आहेच, म्हणजे पाऊण टक्का. हा झाला फक्त बाटलीतला हिशेब. त्याआधी दोन दिवस माझी बरणी फडक्याखाली उघडी होती. त्या दोन दिवसांतला वायू फडक्यातून निघून गेला, अल्कोहोल मात्र आतच राहिलं. मी फेसाकडे बघून "छान झालंय" म्हणत होते आणि तो फेस मला दुसरंच काही सांगत होता.

आता शेवटपर्यंत जाऊ दिलं तर काय होतं हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मधाचं मद्य केलं, ज्याला मीड म्हणतात. दादाला सांगूनच केलं, आणि तो घरी येईल तेव्हा ते त्याच्या नजरेसमोर नसेल याची काळजी घेतली. मध निवडला कारण त्यात करायचं काहीच नसतं. बिअरला खटाटोप फार. धान्यात साखर नसते, स्टार्च असतो. बार्ली भिजवून मोड आणायचे, म्हणजे स्टार्च फोडणारी विकरं जागी होतात. मग ती वाळवून, भरडून ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायची, तेव्हा कुठे गोड पाणी मिळतं. ते हॉप्स नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळून कडवटपणा आणायचा आणि मग यीस्ट. वाइनला द्राक्षं चिरडली की रस तयार, पण द्राक्षं चांगली हवीत. लाल वाइनचा रंग सालीतून येतो म्हणून ती सालीसकट आंबवतात, पांढरीत रस आधी वेगळा काढतात. मध मात्र आयताच सुमारे ऐंशी टक्के साखर असतो. आणि तरी तो वर्षानुवर्षं आंबत नाही. पाणी इतकं कमी असतं की यीस्टच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. त्यात पाणी घाला, की कुलूप उघडतं.

एक किलो दोनशे ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवून एकूण चार लिटर केलं. रीडिंग १.०९०. वाइनचं कोरडं यीस्ट कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवलं, ते मलईसारखं वर आलं. बुधला, नळी, चमचा, सगळं आधी निर्जंतुक करून घेतलं होतं. या कामात अर्धा वेळ धुण्यातच जातो आणि तो वाया जात नाही. तोंडावर एअरलॉक बसवला. यात थोडं पाणी असतं, आतला वायू त्यातून बुडबुडत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर चार-पाच सेकंदांना "टुप" असा आवाज येत होता. घरात ताज्या पावासारखा वास. बुधल्याला दिवा लावून पाहिलं तर आत धुकं वर-खाली घुसळत होतं, कोणी ढवळत नसताना.

पाचव्या दिवशी आवाज मंदावला. सहाव्या दिवशी उकडलेल्या अंड्यासारखा वास यायला लागला. मी घाबरले, सगळं ओतून द्यायला निघाले होते. मग वाचून कळलं की चूक माझीच होती. मधात साखर भरपूर, पण यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो आणि तो मधात जवळजवळ नसतो. उपाशी यीस्ट गंधकाचे वास सोडतं. द्राक्षाच्या रसात हे पोषण बऱ्यापैकी असतं, मधात बाहेरून घालावं लागतं, तेही सुरुवातीच्या दिवसांतच. मी यीस्टचं पोषण थोडं थोडं दोन हप्त्यांत घातलं. घालण्याआधी बुधला हलक्या हाताने फिरवून साचलेला वायू काढला, नाहीतर पूड पडताच सगळा फेस उसळून बाहेर येतो. दोन दिवसांत वास गेला, "टुप" परत सुरू झालं. तो आवाज ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

पाच आठवड्यांनी रीडिंग ०.९९८. पाण्याहून हलकं. म्हणजे साखर जवळपास सगळी संपली होती आणि सुमारे बारा टक्के अल्कोहोल झालं होतं. तळाशी बोटभर जाडीचा फिकट साका बसला होता, तो न हलवता वरचं नितळ नळीने दुसऱ्या बुधल्यात काढून घेतलं. घोटभर चाखलं. गोडी औषधालाही नाही, घशाला जाळ. तीन महिन्यांनी ते काचेसारखं स्वच्छ झालं आणि सहाव्या महिन्यात त्याला फुलांचा वास आला, जो मधाला सुरुवातीला होता आणि मधल्या काळात कुठेतरी दडून बसला होता.

याच काळात कोम्बुचाही करून पाहिला, कारण तो "अल्कोहोल नसलेला" म्हणून सर्रास दिला जातो. गोड चहात यीस्ट आणि जिवाणू एकत्र राहतात. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. म्हणून रुंद तोंडाच्या उघड्या बरणीत अल्कोहोल कमी राहतं. पण फेसासाठी बाटली बंद केली की जिवाणूंची हवा तुटते आणि यीस्टचं काम चालूच राहतं. बाटली उबेत राहिली तर अल्कोहोल वाढत जातं. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही.

दादाला मी हे सगळं सांगत होते. तो ऐकायचा, मधूनच नेमकं विचारायचा. एकदा म्हणाला, "मग चहाचं काय? त्याची पानंही आंबवतात म्हणे."

मी यावर आधी गप्प बसले. या वेळी बघितल्याशिवाय "नाही" म्हणायचं नव्हतं. बघितलं. काळ्या चहाला आंबवलेला म्हणतात, पण तो शब्दाचा घोळ आहे. पानं चुरगळली की त्यांची स्वतःचीच विकरं हवेतल्या ऑक्सिजनबरोबर काम करतात आणि पान तपकिरी होतं, कापलेल्या सफरचंदासारखं. यात यीस्टला काही कामच नाही, अल्कोहोल बनत नाही. हिरव्या चहात पानं आधीच तापवून ती विकरं बंद करतात, एवढाच फरक. कॉफीची फळं मात्र काही पद्धतींत खरोखर आंबवतात, बीवरचा चिकट थर सुटावा म्हणून. पण नंतर बी धुतली जाते, वाळते आणि दोनशे अंशांच्या वर भाजली जाते. "चहा-कॉफी निर्धास्त पी," मी म्हटलं, आणि या वेळी मला माहीत होतं मी का म्हणते आहे.

मग त्याने बाजारातल्या बिनअल्कोहोलच्या बिअरबद्दल विचारलं. तिथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

माझी एक मैत्रीण रसायनशास्त्र शिकवते. तिने प्रयोगशाळेत माझं शंभर मिली मीड ऊर्ध्वपातनाला लावलं, म्हणजे उकळून त्याची वाफ थंड करून गोळा केली. (घरी हे कोणी करू नये. अल्कोहोलची वाफ पेट घेते, आणि बऱ्याच देशांत परवान्याशिवाय हे बेकायदा आहे.) माझी समजूत होती की अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं म्हणजे ७८ ला सगळं अल्कोहोल निघून जाईल आणि पाणी मागे राहील. तसं होत नाही. मिश्रण नव्वदच्या आसपास उकळायला लागलं आणि वाफेत दोन्ही होती, फक्त अल्कोहोलचं प्रमाण कितीतरी जास्त. थंड नळीतून पहिले थेंब पडले ते पाण्यासारखे दिसत होते, पण काचेवर तेलासारखे ओघळत होते. ब्रँडी अशीच वाइनपासून होते, व्हिस्की आंबवलेल्या धान्यापासून, रम उसाच्या रसापासून किंवा मळीपासून. ऊर्ध्वपातनात अल्कोहोल तयार होत नाही, यीस्टने जे केलं तेच गोळा होतं.

मैत्रिणीने मग फ्लास्ककडे बोट दाखवलं. "आणि हे उरलं ते?" प्रयोगशाळेतलं काही चाखायचं नसतं, म्हणून नुसतं हुंगलं. शिजलेल्या मधाचा जड वास. फुलांचा वास गायब.

बिनअल्कोहोलची वाइन किंवा बिअर करण्याची एक मोठी पद्धत हीच आहे, फक्त उलट्या बाजूने. वाफ गोळा करायची नाही, मागे उरलेलं ठेवायचं. पण माझ्या फ्लास्कसारखी चव शिजू नये म्हणून हवेचा दाब कमी करतात, म्हणजे अल्कोहोल तीस-चाळीस अंशांनाच उडतं. दुसऱ्या पद्धतीत बारीक छिद्रांच्या पडद्यातून दाबाने गाळतात. तिसरीत यीस्टला पूर्ण आंबवूच देत नाहीत. यातून अल्कोहोल बरंचसं जातं, पण अनेक देशांत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी बाटलीवर बिनअल्कोहोल लिहिता येतं. खूप लोकांना ही मर्यादा पुरेशी आहे, पिकलेल्या फळातही चिमूटभर अल्कोहोल असतं. पण दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला टक्क्याची भीती नाही गं. मला त्या वासाची आणि चवीची भीती आहे. ते दार मला उघडायचंच नाही." ज्याच्यासाठी करतो त्याला विचारायचं असतं, हे मी महिनोन्महिने आकड्यांत शोधत बसले होते.

मला वाटलं होतं, माझंच आल्याचं पेय लवकर थांबवून, उकळून चालवून घेता येईल. नाही. उकळल्याने अल्कोहोल कमी होतं, पूर्ण जात नाही, आणि फेस तर आधी जातो. शिवाय माझा हायड्रोमीटर एका रेघेने चुकला तरी हिशेबात ०.१३ टक्क्यांचा फरक पडतो. त्यावर कोणाला शब्द देता येत नाही.

उत्तर फार जुनं निघालं. १७६७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्समध्ये जोसेफ प्रिस्टली हा शास्त्रज्ञ एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर जड वायूचा थर साचतो हे त्याने पाहिलं, आणि त्या थरात धरून दोन पेल्यांत पाणी इकडून तिकडे ओतलं. पाणी चुरचुरीत झालं. वायू यीस्टचाच होता, पण त्याचं जुळं भावंड खाली पिंपात राहिलं. पुढे १७७२ मध्ये त्याने खडू आणि आम्लापासून वायू काढून तेच करण्याची रीत छापली. आजचं प्रत्येक सोडा यंत्र हेच करतं, वायू बाहेरून आणतं.

मी आलं किसून दहा मिनिटं मंद उकळलं, झाकण ठेवून, नाहीतर वास उडून जातो. गरम असतानाच साखर, गार झाल्यावर लिंबू. विरजण नाही. मुरत ठेवणं नाही. हा अर्क फ्रिजमध्ये चार दिवसांच्या वर ठेवायचा नाही, कारण उघड्यावरचं यीस्ट त्यातही शिरू शकतं. पाणी बर्फासारखं गार करून सोडा यंत्राच्या सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडने चुरचुरीत केलं, कारण गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, आणि मग अर्कावर हळूच ओतलं. आंबवण्यातून येणारा तो किंचित पावासारखा, खोल वास यात नाही. मला त्याची चुकचुक लागते, खोटं कशाला सांगू. पण आल्याचा झणका जास्त सरळ लागतो.

दादा आला तेव्हा मी बाटलीला कागद चिकटवला होता: आलं, साखर, लिंबू, पाणी, सिलिंडरचा वायू. आज सकाळी ९ वाजता केलं. यीस्ट नाही.

त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. पेला नाकाजवळ नेला. मग प्यायला, अर्धा एका दमात.

"पुढच्या वेळी आलं थोडं जास्त घाल," म्हणाला, आणि पेला पुढे केला.